प्रस्तावना: आपल्या सॉकेटचा एसएमपीएस

बारा व्होल्ट, पाच अँपिअरचा तयार एसएमपीएस बाजारात घरच्या बांधणीपेक्षा स्वस्त मिळतो. हे सुरुवातीलाच मान्य केलेले बरे. फेराइटचा गाभा, बॉबिन, सुपर इनॅमल तार, दोन मॉसफेट, एक आयसी, चांगल्या प्रतीचे कॅपॅसिटर असे सगळे सुटे आणायला गेले, तर तयार डब्याची किंमत अर्ध्या यादीतच उलटून जाते. पैसे वाचवण्यासाठी कुणी हे पुस्तक उघडले असेल तर त्याने ते इथेच मिटावे.

तरीही तो घरी बांधावा असे मी म्हणतो, त्याला कारण आहे. तयार डबा कुठल्याच गावचा नसतो. तो बांधणाऱ्याने तुमचे सॉकेट पाहिलेले नसते, तुमच्या माळ्यावरचा मे महिना भोगलेला नसतो आणि तुमच्या भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला खरोखर अर्थिंग जोडले आहे की ते नुसते शोभेचे आहे, हे त्याला ठाऊक नसते. हौशी माणसाला हे सगळे ठाऊक असते. आपल्या घरातली वीज आणि आपल्या घरातला उन्हाळा यांच्या मापाने यंत्र बांधायचे, हीच या छंदाची मिळकत. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जयेंद्रगंजात राहतो, म्हणून या पुस्तकातली सगळी गणिते ग्वाल्हेरच्या मापाने केली आहेत. वाचकाने आकडे बदलून आपल्या गावची करावीत, रीत तीच राहील.

आधी मूळ कल्पना. घरातली वीज २३० व्होल्टची, दर सेकंदाला ५० आवर्तनांची. रेडिओ, ॲम्प्लिफायर, बॅटरी चार्जर यांना हवा असतो थोड्या व्होल्टचा, एकदिश आणि न हलणारा प्रवाह. जुनी पद्धत सरळ होती. लोखंडी पत्र्यांच्या ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवायचे, चार डायोडच्या ब्रिजने ते एकदिश करायचे, मोठ्या कॅपॅसिटरने सपाट करायचे आणि शेवटी ७८१२, एलएम३१७ किंवा २एन३०५५ यांच्या मदतीने नेमके बारा व्होल्ट काढायचे. या शेवटच्या पायरीत वरचे जे काही उरते, ते उष्णता होऊन हीटसिंकवरून उडून जाते.

हे उडून जाणे किती महागात पडते, ते आपल्याकडच्या विजेच्या चढउताराने कळते. समजा, संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरले तरी बारा व्होल्ट मिळायलाच हवेत. मग रेग्युलेटरच्या तोंडाशी तेव्हाही किमान १५ व्होल्ट पोचले पाहिजेत. म्हणजे २३० वर तिथे सुमारे १९ व्होल्ट होतील आणि कधी २७० चढले तर साडेबावीस. पाच अँपिअर ओढताना या साडेबावीसातले साडेदहा व्होल्ट, म्हणजे ५२ वॅट, नुसते जळतात. कामाला येतात ६० वॅट. संध्याकाळी दोन तास दिवे मंद होतात म्हणून उरलेला दिवसभर यंत्र शेगडीसारखे तापवायचे, असा हा हिशेब आहे.

स्विचिंग पुरवठा, म्हणजेच एसएमपीएस, हा हिशेबच मोडतो. त्यातला ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा कधीच राहत नाही. तो पूर्ण उघडा असतो किंवा पूर्ण बंद. पूर्ण उघडा असताना त्याच्यावर व्होल्टेज जवळजवळ नसते, पूर्ण बंद असताना त्याच्यातून प्रवाह जवळजवळ नसतो. तेव्हा दोन्ही स्थितींत तो फारसा तापत नाही. गच्चीवरच्या टाकीचा पंप जसा एक तर चालू असतो नाहीतर बंद, आणि नळाला मात्र धार सतत येते, तसा हा कारभार. टाकीच्या जागी चोक आणि कॅपॅसिटर, आणि पंप सेकंदाला पन्नास हजार वेळा चालू-बंद होणारा. २४ व्होल्टचे बारा करायचे असतील तर प्रत्येक आवर्तनात निम्मा वेळ चालू. व्होल्टेज वाढले तर चालू राहण्याचा वेळ कमी, उतरले तर जास्त. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर वरच्याच ६० वॅटसाठी साधारण साडेदहा वॅटची उष्णता होते, आणि १८० ते २७० च्या पट्ट्यात ती फारशी हलत नाही.

ही युक्ती नवी नाही. जुन्या बजाज स्कूटरचा सीबी पॉइंट उघडला की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि स्पार्क प्लगवर हजारो व्होल्ट उसळतात. साठवून सोडायचे हे तत्त्व तिथे होतेच. १९३० च्या दशकातल्या मोटारीतल्या रेडिओत व्हायब्रेटर असे. एक पाते थरथरत बॅटरीचा प्रवाह तोडी-जोडी आणि त्यामुळे बॅटरी ट्रान्सफॉर्मरला चालवू शकत असे. पुढे घरोघरी ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आले. त्यातला एलओटी, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, सेकंदाला १५,६२५ वेळा तोच खेळ करून पिक्चर ट्यूबला हाय व्होल्टेज देई. आपल्या शहरांतले टीव्ही मेकॅनिक फ्लायबॅक या प्रकाराशी असे फार पूर्वीपासून परिचित होते. रंगीत टीव्ही आल्यावर याच मंडळींच्या तोंडी स्विचिंग पुरवठ्यासाठी ‘चॉपर’ हा शब्द आला आणि तो आजही दुकानादुकानांत ऐकू येतो.

कारखानदारीला खरी चालना मिळाली ती उंच व्होल्टेज सोसणारे सिलिकॉन ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल या कंपनीत बॉब ममानो यांनी एसजी१५२४ हा आयसी तयार केला आणि पल्सची रुंदी कमी-जास्त करण्याचे सगळे काम एका चिपमध्ये आले. पुढच्याच वर्षी बाजारात आलेल्या ॲपल-टू संगणकात रॉड होल्ट यांनी रचलेला स्विचिंग पुरवठा होता, म्हणून तो संगणक हलका आणि पंख्याशिवाय चालणारा ठरला. टीएल४९४, एसजी३५२५, यूसी३८४२ ही पुढची भावंडे आज कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काउंटरवर मिळतात. आपल्याकडे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक १९६९ पासून निघते आहे, आणि त्याच्यासारख्या मासिकांतली सर्किटे पाहून सोल्डरिंग शिकलेल्यांची एक अख्खी पिढी आहे. पण त्या पिढीचा घरगुती पुरवठा बहुतेक लोखंडी ट्रान्सफॉर्मरवरच थांबला. स्विचिंगकडे वळताना लोक बिचकले, आणि ते बिचकणे अगदीच निराधार नव्हते. त्याविषयी पुढे.

ग्वाल्हेरच्या वाचकासाठी आणखी एक उदाहरण जवळच आहे. जयविलास राजवाड्यातल्या मेजवानीच्या टेबलावर चांदीची विजेवर चालणारी आगगाडी आहे. मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरत असे. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, जागेवर ठेवली की पुढे निघे. पर्यटक चांदीकडे पाहतात. हौशी माणसाने सुरईखालच्या त्या स्विचकडे पाहावे. मधली स्थिती नाही, निर्णय भाराकडून येतो आणि नियंत्रण आपोआप होते. या पुस्तकातल्या फीडबॅकच्या प्रकरणात टीएल४३१ हा आयसी आणि पीसी८१७ हा ऑप्टोकप्लर मिळून जे करतात, त्याचे बीज एवढेच आहे.

आता ट्रान्सफॉर्मरविषयी, कारण घरी बांधण्याचा खरा आनंद आणि खरी अडचण दोन्ही तिथेच आहेत. ५० आवर्तनांवर चालणाऱ्या शंभर व्हीएच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरला साधारण दहा चौरस सेंटिमीटरचा गाभा लागतो, आणि २३० व्होल्टसाठी त्यावर सुमारे ८६० वेढे द्यावे लागतात. वजन दीड-दोन किलो. तेवढेच काम ५० किलोहर्ट्झवर करायचे तर ईटीडी३४ हा चाळीसेक ग्रॅमचा फेराइट गाभा पुरतो. त्याचे क्षेत्रफळ आहे ९७ चौरस मिलिमीटर. हाफ ब्रिज रचनेत त्याच्या प्रायमरीला सुमारे ४२ वेढे लागतात. आठशे साठ वेढे मोजायला यंत्र हवे. बेचाळीस वेढे कुणीही चहा निवायच्या आत हाताने देऊ शकतो.

मात्र वेढे कमी झाले म्हणून काम सोपे होत नाही. एवढ्या वेगाच्या विजेला तारेच्या पोटात शिरायला सवड मिळत नाही, ती कातडीलगत वाहते. ५० किलोहर्ट्झवर ती तांब्यात जेमतेम ०.३ मिलिमीटर खोल जाते. म्हणून एक जाड तार भरण्यापेक्षा बारीक तारांचा पीळ घालून भरावा लागतो. प्रायमरीचा अर्धा भाग आत, मध्ये सेकंडरी, वर उरलेली प्रायमरी असे थर लावले तर गळतीचे चुंबकत्व घटते आणि मॉसफेटवर उसळणारे अणकुचीदार व्होल्टेजही आटोक्यात राहते. दोन बाजूंमधले इन्सुलेशन कुठेही उणे पडता कामा नये. प्रायमरीला स्पर्श म्हणजे थेट खांबावरच्या तारेला स्पर्श, हे समजून टेपचे तीन पदर, कडेची मोकळी पट्टी आणि बाहेर येणाऱ्या टोकांवर स्लीव्ह हे सगळे केलेच पाहिजे. प्रायमरी-सेकंडरीत पृष्ठभागावरून मोजलेले सहा ते आठ मिलिमीटरचे अंतर राखायचे, हा नियम या पुस्तकात कुठेही सैल केलेला नाही.

सर्किटच्या चित्रात या गोष्टी दिसत नाहीत. चित्रात तार म्हणजे एक रेघ. प्रत्यक्षात तीच रेघ चार सेंटिमीटर लांब झाली की तिच्यातला थोडासा इंडक्टन्स मॉसफेट जाळायला पुरतो. कॅपॅसिटर, स्विच आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामधला प्रवाहाचा फेरा जितका आवळता येईल तितका आवळायचा. ढिला राहिला तर शेजारच्या खोलीतला ट्रान्झिस्टर रेडिओच तुमची चुगली करतो. ५० किलोहर्ट्झचे पटीतले सूर मिडियम वेव्हवर ५५०, ६००, ६५० असे ओळीने पसरतात. स्वस्तातले परीक्षण म्हणून मी हाच रेडिओ वापरायला सांगतो. आकाशवाणी ग्वाल्हेर स्वच्छ ऐकू आले तर फिल्टर आणि मांडणी बरीचशी जमली आहे असे समजावे.

आता गावाचे गणित. २३० व्होल्ट एकदिश झाले की शिखर भरते ३२५. विजेने २७० गाठले तर तेच ३८२ होते, आणि ४०० व्होल्टच्या कॅपॅसिटरला मग जेमतेम अठरा व्होल्टची उसंत उरते. म्हणून इथे ४५० व्होल्टचा, किंवा हाफ ब्रिजमध्ये प्रत्येकी २५० व्होल्टचे दोन, असे निवडले आहेत. परदेशी पुस्तकातले चित्र पाहून दोनशेवाले लावू नयेत. विजेच्या उतरत्या बाजूची गंमत वेगळी आहे. बल्बचे व्होल्टेज उतरले की तो कमी प्रवाह ओढतो, एसएमपीएस मात्र जास्त. त्याला वॅट तेवढेच हवे असतात. १८० व्होल्टवर तो २३० च्या मानाने सुमारे २८ टक्के अधिक प्रवाह घेतो. फ्यूज, ब्रिज आणि तार यांची निवड म्हणून कमी व्होल्टेजच्या संध्याकाळवर बेतायची असते. शिवाय आपल्याकडे खांबावरचा न्यूट्रल तुटण्याचे प्रकार घडतात आणि तेव्हा घरात तीनशेच्या वर व्होल्टेज येऊ शकते. फ्यूजच्या पुढे जादा व्होल्टेज अडवणारा एमओव्ही हवाच, तो अशासाठी.

मग उन्हाळा. डेटाशीटमधले बहुतेक ठळक आकडे २५ अंशांवरचे असतात. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात आणि बंद डब्यात त्यात आणखी वीसची भर पडते. विदर्भातल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान दर दहा अंश घटले की साधारण दुप्पट होते. ८५ अंशांचा, २००० तासांचा कॅपॅसिटर ६५ अंशांत ठेवला तर तो आठ हजार तास टिकेल, म्हणजे सतत चालवला तर वर्षभरही नाही. १०५ अंशांचा तेवढ्याच तासांचा घेतला तर बत्तीस हजार. दोघांच्या किमतीत फरक काही रुपयांचा. तयार स्वस्त डब्यात हे काही रुपये वाचवलेले असू शकतात, ते आपण वाचवायचे नाहीत.

राहिले अर्थिंग. फिल्टरमधले वाय वर्गाचे कॅपॅसिटर थोडासा प्रवाह धातूच्या खोक्यावर सोडतात. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर खोक्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. कॅपॅसिटर काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, मगच हे पुस्तक पुढे वाचावे.

आता त्या बिचकण्याविषयी. ३२५ व्होल्टपर्यंत भरलेल्या २२० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमध्ये साडेअकरा ज्यूल ऊर्जा असते आणि प्लग काढला तरी ती तिथेच बसून राहते. त्याच्या समांतर १०० किलोओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा लावला तर व्होल्टेज ५० च्या खाली यायला चाळीसेक सेकंद लागतात. तेवढे थांबायचे, मग मीटरने मोजायचे, मग हात घालायचा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कॅपॅसिटर रिकामा करण्याची मर्दुमकी इथे कामाची नाही.

दुसरा धोका सीआरओचा. त्याच्या प्रोबची काळी क्लिप अर्थिंगला जोडलेली असते आणि ब्रिजनंतरची ऋण तार अर्थच्या पातळीवर नसते. ती क्लिप तिथे लावली की ब्रिजमधल्या डायोडमधून सरळ शॉर्ट होतो. काही जण त्यावर सीआरओची अर्थ पिन कापून टाकतात. मग सीआरओचे सगळे खोकेच जिवंत होते. हे कुणीही, कधीही करू नये. ज्याची तपासणी चालली आहे त्या यंत्राला एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर द्यावा किंवा डिफरन्शियल प्रोब वापरावा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला डिमरस्टॅट आयसोलेशन देत नाही. तो एकाच वाइंडिंगचा असतो आणि त्याच्यातून फेज जशीच्या तशी पुढे येते. आणि आयसोलेशन असतानाही दोन बिंदूंना एकदम हात लागला तर कुठलाही आरसीसीबी मदतीला येणार नाही. एक हात खिशात ठेवायचा ही जुन्या मेकॅनिकांची सवय म्हणूनच पाळायची.

म्हणून प्रकरणांचा क्रम मी मुद्दाम चढता ठेवला आहे. पहिल्या भागात भिंतीतल्या विजेशी संबंधच नाही. जुन्या २४ व्होल्टच्या ॲडॅप्टरवरून एलएम२५७६ वापरून बारा व्होल्ट काढायचे. हा आयसी ५२ किलोहर्ट्झवर चालतो, त्यामुळे साध्या पाटीवरही चुका सोसतो. चोक बदलून, डायोड बदलून काय होते ते इथे निवांत पाहता येते. दुसऱ्या भागात बारा व्होल्टच्या बॅटरीवरून एसजी३५२५ने पुश-पुल, आणि स्वतः भरलेला पहिला फेराइट ट्रान्सफॉर्मर. तिसऱ्या भागात फीडबॅक आणि संरक्षण. चौथ्यात भिंतीतली वीज, हाफ ब्रिज, १३.८ व्होल्ट आणि पाच अँपिअर. ज्याने पहिले तीन भाग हाताने केलेले नाहीत, त्याने चौथा वाचावा, पण बांधू नये. एकट्याने तर मुळीच नाही.

चौथ्या भागातली पहिली वीज नेहमी सिरीज बल्बमधूनच द्यायची. साठ किंवा शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर कॅपॅसिटर भरले आणि पुढे शॉर्ट नाही. उजळलेलाच राहिला तर प्लग काढा. मॉसफेट वाचले असतील. बल्ब लावून पूर्ण भार मात्र टाकू नये. वर सांगितल्याप्रमाणे हा पुरवठा व्होल्टेज उतरताच जास्त ओढू लागतो, बल्बवर आणखी व्होल्टेज पडते आणि सगळे यंत्र उचक्या देऊ लागते. तो दोष तुमच्या बांधणीचा नसतो.

सामानाविषयी थोडे. पुण्याच्या वाचकाला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईच्या वाचकाला लॅमिंग्टन रोड सांगायची गरज नाही. आम्हा ग्वाल्हेरकरांची धाव दिल्लीच्या लाजपतराय मार्केटपर्यंत. पण त्याआधी कबाड्याकडे जावे. संगणकाच्या एका मेलेल्या एसएमपीएसमध्ये फेराइटचे गाभे, टीएल४९४ किंवा त्याचा जुळा भाऊ, शॉटकी डायोडची जोडी, हीटसिंक, लाइन फिल्टर असे पुष्कळ निघते. गाभा चिकटवलेला असतो. तो गरम करून सावकाश सोडवायचा, ओढला तर तुटतो. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आणि ऑप्टोकप्लर मात्र जुने वापरायचे नाहीत. पहिल्यावर यंत्राचे आयुष्य अवलंबून आहे, दुसऱ्यावर तुमचे.

सुपर इनॅमल तार तोळामासा का होईना विकत देणाऱ्या आणि गेजचे कोष्टक तोंडपाठ असणाऱ्या लष्करातल्या मोटर भरणाऱ्या कारागिरांचा, आणि ‘हे कशासाठी?’ असे न विचारता जुने डबे बाजूला काढून ठेवणाऱ्या कबाड्यांचा मी ऋणी आहे. घरच्यांनी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग दिला, त्याचाही उल्लेख राहू नये. या पुस्तकाचा उपयोग झाला की नाही, हे ठरवायची माझी कसोटी सोपी आहे. वाचकाने माझे आकडे जसेच्या तसे उतरवून पुरवठा बांधला तर पुस्तक अर्धेच पोचले. आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आपल्या सॉकेटवरचे व्होल्टेज मीटरने मोजून वहीत लिहिले, डबा जिथे ठेवायचा तिथले दुपारचे तापमान टिपले, आणि मग पान उघडून माझ्या आकड्यांवर काट मारून स्वतःचे घातले, तर ते पुरते पोचले. त्यासाठी प्रत्येक गणिताशेजारी समास मोठा ठेवला आहे.

लेखक
जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर